दापोडीच्या बसमधलं वाळवंट

१

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची आणि पावणेचारला ज्योतीराम बसच्या चौथ्या रांगेत, खिडकीशी, डोळे मिटून बसलेला असायचा. नऊ वर्षं झाली, ह्यात बदल नाही. चाकणहून निघालेली कंपनीची बस मोशीला अडकणार, भोसरीला अडकणार, आणि दापोडी येईपर्यंत ज्योतीरामची एक झोप पुरी होणार. शेजारी सयाजी बसायचा. तोही त्याच्याच प्रेस शॉपमधला, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवरचा, पण तोंडाचा पट्टा कधी बंद म्हणून नाही. ड्रायव्हर गेनूमामाच्या डोक्यावर एक टीव्ही टांगलेला होता. मामा त्यावर रोज सिनेमा लावायचा, आणि काल दापोडीला जिथे बंद केला तिथूनच आज पुढे सुरू करायचा. ज्योतीरामला त्याचं सोयरसुतक नव्हतं. आपण भले नि आपली झोप भली.

त्या सोमवारी मात्र डोळा लागेना. हल्ली तीन आठवडे तसंच चाललं होतं म्हणा. त्याने कंटाळून वर पाहिलं, तर पडदाभर वाळू. एक पुरुष, एक बाई, एक उंट. बाईच्या ओढणीवर खजिन्याचा नकाशा काढलेला, आणि ती ओढणी दोघं दोन बाजूंनी ओढताहेत.

"घ्या!" सयाजी म्हणाला. "आता ही दोघं खजिना हुडकणार, हुडकता हुडकता भांडणार, आन शेवटाला गळ्यात गळे. लगीन न झालेल्यांनी बघायचा शिनेमा हाय राव हा."

सगळे हसले. ज्योतीराम मात्र सरळ होऊन बसला. हा सिनेमा त्याने जन्मात पाहिला नव्हता, पण गोष्ट त्याला पाठ होती. आता उंट बसायला नकार देणार. दिला. आता हिरो त्याच्या पाया पडणार. पडला. मग हिरोईन उंटाच्या सावलीत बसली, गाठोडं सोडलं, भाकरी काढली, भाकरीवर हिरवा ठेचा घेतला आणि कांदा बुक्कीनं फोडला.

सिनेमा परदेशी होता. ओठ बोलत होते एक आणि हिंदी ऐकू येत होतं दुसरंच. असल्या सिनेमात ठेचा कुठून येणार? ज्योतीरामने सयाजीकडे पाहिलं. सयाजी हसत होता, त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

२

गोष्ट पाठ होती, कारण ती सोनबाने सांगितली होती.

सोनबा ज्योतीरामच्या गावचा. चाकणच्या अलीकडे त्यांचं गाव. जमिनी गेल्या आणि पोरं कंपनीत आली, त्यातलाच तो एक. ज्योतीराम लाइनचा सुपरवायझर, त्यानेच शब्द टाकून सोनबाला प्रेसवर चिकटवला होता. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की सोनबा सिनेमा सांगायचा, रोज थोडा थोडा. वाळवंट, कोरडी विहीर, तिच्या तळाशी खजिना, आणि ती दोघं. हिरोईन भाकरी खाते म्हटल्यावर पोरं ओरडली होती, "सोन्या, मसाला लावू नको!" सोनबा शपथ घेऊन म्हणायचा की आहे तसंच सांगतोय. ज्योतीराम सुपरवायझर असूनही त्यांच्यातच बसून ऐकायचा. खरं तर त्या अर्ध्या तासासाठीच तो डबा आणायचा.

प्रेसला दोन बटणं असतात, डाव्या हाताचं आणि उजव्या हाताचं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचं धूड खाली येतं. म्हणजे हात बटणांवरच राहावेत, मध्ये जाऊ नयेत, असा त्यात हिशोब. पण दोन हातांनी काम हळू होतं. महिनाअखेरीला माल कमी पडायला लागला तेव्हा ज्योतीरामने सायकलच्या ट्यूबची पट्टी घेतली आणि उजवं बटण करकचून बांधून टाकलं. "दोन दिवसांचा प्रश्न हाय," तो सोनबाला म्हणाला. सोनबाने मान हलवली. ज्योतीरामभाऊ सांगतोय म्हटल्यावर विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सोनबाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

पोरं सोनबाला उचलून धावली, आणि ज्योतीरामने काय केलं? त्याने आधी ट्यूब कापली. हे त्याला आठवलं की अजूनही कानशिलं तापायची. आधी ट्यूब, मग सोनबा. दवाखान्यात तो सोनबाच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी वाकला आणि म्हणाला, "गप राहा. मी बघतो सगळं." साहेबांनी चौकशीत विचारलं की माणूस मोबाईल बघत होता का. ज्योतीरामने हो म्हटलं. साहेबांनी विचारलं, काय बघत होता? खोट्याला एखादा बारकावा चिकटवला की ते चालू पडतं. "सिनेमा, साहेब. तो वाळवंटातला, खजिन्याचा." साहेबांनी लिहून घेतलं. मोबाईल सोनबाच्या खिशात होता, तो कुणी उघडूनही बघितला नाही.

शनिवारी चौकशीची शेवटची सुनावणी होती. ज्योतीरामचा जबाब तसाच राहिला तर सोनबा कामावरून जाणार होता. बदलला तर ज्योतीराम. इतकं सरळ होतं ते.

३

मंगळवारी त्याने ठरवलं, वर बघायचंच नाही. पण खाई त्याला खवखवे. मोशीच्या सिग्नलला मान आपोआप वर गेली.

हिरो-हिरोईन विहिरीशी पोचली होती. दोघं फावड्यांनी वाळू उपसत होती, मध्येच हसत होती, एकमेकांवर वाळू उडवत होती. गोड चाललं होतं सगळं. फक्त त्यांच्या पाठीमागे, पार लांब, जिथे वाळू संपून आभाळ लागतं तिथे एक ठिपका होता.

पडद्यावर माशी बसली असेल, असं त्याला वाटलं. पण ठिपका खालीवर होत होता. कुणीतरी चालत येत होतं.

"सयाजी, मागं कोण हाय रं ते?"

"कुठं? आं, ते व्हय? व्हिलन असंल. त्याच्याबिगर शिनेमा पुरा व्हतोय का?"

सोनबाच्या गोष्टीत व्हिलन नव्हता. ज्योतीरामने एकदा विचारलंही होतं, तर सोनबा म्हणाला होता, "वाळूच पुरेशी हाय की भाऊ."

बुधवारी तो माणूस जवळ आला होता. चेहरा दिसण्याइतका नाही, पण निळा शर्ट दिसत होता, कंपनीत सुपरवायझरला देतात तसा. मऊ वाळूत माणसाचा पाय रुततो, तोल जातो. हा मात्र प्रेस शॉपच्या फरशीवर चालल्यासारखा टाचा वाजवत येत होता. त्या टाचांचा आवाज टीव्हीतून येत होता, आणि खणणाऱ्या दोघांना तो ऐकू जात नव्हता. ती मागे वळतच नव्हती. ज्योतीरामला वाटलं, अरे बघा ना एकदा मागे! आणि लगेच वाटलं, नका बघू.

उतरताना त्याने गेनूमामाला विचारलं, "मामा, हा शिनेमा कुठनं आणलात?"

"मी कुठनं आणतोय? पेनड्राइव्हमंदी भरलेलं हाय कायबाय. का? आवडला?"

"न्हाई, सहज."

"मग उद्या सुट्टीचा आराम करा. लई सुकलाय तुमी."

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं स्वतःला समजावत तो घरापर्यंत चालत गेला. जगात काय एकच वाळवंटाचा सिनेमा आहे? सोनबाने तो पाहिला म्हणून सांगितला, मामाने लावला. निळे शर्ट दुनिया घालते. हे सगळं त्याला पटत होतं, आणि तरी तो मधूनमधून मागे वळून बघत होता.

४

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. दुपारी जेवून ज्योतीराम आतल्या खोलीत आडवा झाला. बायको, इंदू, बाहेर शेंगदाणे निवडत होती. मुलगी आरोही अभ्यासाला बसली होती. पंखा फिरत होता. खालून रेल्वे गेली, खिडकीची काच थरथरली आणि थांबली. त्यानंतरच्या शांततेत त्याला आवाज ऐकू आला.

उशामागच्या भिंतीतून. फावडं वाळूत घुसतं तो आवाज. खस्स. मग वाळू बाजूला पडल्याचा. मग पुन्हा खस्स.

"इंदू, कुणाकडं काम काढलंय का गं?"

"वरच्यांकडे असेल. फरशी बदलायची म्हणत होते."

तो चप्पल घालून वर गेला. वरच्यांच्या दाराला कुलूप होतं आणि कडीला तीन दिवसांची वर्तमानपत्रं अडकवलेली होती. परत आला. इंदू म्हणाली, "मग खालच्यांकडे असेल. तुम्हाला हल्ली जरा जास्तच ऐकू येतं." ती सहज बोलली, पण त्याला ते लागलं.

त्याने खोलीचं दार लोटलं, भिंतीला कान लावला. आता स्पष्ट ऐकू येत होतं. दोन फावडी होती, एक झपझप आणि एक दमलेलं. आणि तिसरा आवाज टाचांचा. टक, टक, टक. तो जवळ आला, आणखी जवळ आला, आणि भिंतीच्या अगदी पलीकडे थांबला. फावडीही थांबली.

ज्योतीरामने कान काढला नाही. काढता येईना. भिंत गार होती, पण जिथे त्याचा कान होता तेवढीच जागा हळूहळू गरम व्हायला लागली. पलीकडूनही कुणीतरी तिथेच कान लावला होता, आणि इकडचं ऐकत होतं.

"बाबा, काय ऐकताय?" दारात आरोही उभी होती.

"काही नाही. उंदीर आहे."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, सोनबाकाका खरंच कामावर सिनेमा बघत होते?"

"मागे सांगितलं ना एकदा?"

"मला ते तसे वाटत नाहीत."

"तुला काय कळतंय त्यातलं? जा, अभ्यास कर."

पोरगी गेली. ज्योतीराम पलंगाच्या कडेला बसला. बापाचा शब्द खरा मानून मान डोलावणारी पोर आता त्याच्या तोंडाकडे बघून खरंखोटं जोखायला लागली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

५

शुक्रवारी त्याने सयाजीला खिडकी दिली आणि स्वतः शेवटच्या रांगेत, सगळ्यांच्या डोक्यांआड जाऊन बसला. बस कंपनीच्या फाटकाबाहेर पडली. मामाने टीव्ही लावला.

इतक्या लांबूनही दिसायचं ते दिसलंच. विहिरीचा तळ लागला होता. हिरोईन गुडघे टेकून हातांनी वाळू सारत होती आणि हिरो तिच्या शेजारी बसला होता. आत्ता ज्योतीरामच्या लक्षात आलं की चार दिवसांत हिरोचा उजवा हात एकदाही दिसला नव्हता. कधी तो पाठीमागे असायचा, कधी उंटाआड, कधी वाळूत, आणि फावडंही हिरो डाव्याच हाताने चालवायचा. आता तो मनगटाच्या पुढे ओढणीत गुंडाळलेला होता, आणि हिरो त्याला दुसऱ्या हाताने सांभाळून धरत होता.

बसमध्ये कुणीतरी म्हणालं, "आता मिळतोय बघा खजिना."

निळ्या शर्टाचा माणूस विहिरीच्या काठावर आला, खाली उतरला, आणि हिरोच्या पाठीशी उभा राहिला. त्याची पाठच तेवढी दिसत होती. त्याने हिरोच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते ऐकू आलं नाही. पण तो हात कसा ठेवला, अंगठा कुठे दाबला, किती वाकला, हे सगळं ज्योतीरामला ठाऊक होतं. हिरोने मान हलवली. मग त्याने डावा हात पुढे केला आणि वाळूवर बोटाने वाकडंतिकडं काहीतरी लिहिलं.

हिरोईनने वर पाहिलं. हिरोकडे नाही, त्या माणसाकडे. तिला त्याचा चेहरा दिसत होता. तिच्या तोंडावर जे उमटलं ते बघून ज्योतीराम ताडकन उठला. निळ्या शर्टाचा माणूस आता वळणार होता. खांदा वळला, कान दिसला, कानामागचा तीळ दिसला.

"मामा, गाडी थांबवा!"

"आवो, इथं कुठं?"

"थांबवा म्हणतोय ना!"

सगळी बस मागे वळून त्याच्याकडे बघायला लागली. तो टीव्हीकडे पाठ करून, उलट्या पावलांनी, सीट धरत धरत दारापर्यंत गेला आणि उतरला. बस धूळ उडवत गेली. त्याचा हात नकळत कानामागे गेला आणि त्याने तो चटकन खाली घेतला.

६

सहा आसनी रिक्षाने तो गावात पोचला तेव्हा ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं. वाटेत त्याने मनाशी पक्कं केलं होतं. उद्या खरं सांगायचं. नोकरी गेली तर गेली. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून काही तांबडं फुटायचं राहत नाही.

सोनबाच्या घरासमोर भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यांच्या दोऱ्यांवर कामगारांचे कपडे वाळत होते. सोनबा पडवीत खाटेवर बसला होता. उजवा हात पट्टीत गुंडाळून मांडीवरच्या उशीवर ठेवलेला.

"आवो भाऊ! या या. वर्षाराणी, पानी आण गं. भाऊ आल्यात."

सोनबाच्या बायकोने तांब्या आणून ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. "बसा, भावजी," म्हणाली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"सोनबा, उद्याचं बोलायचं हुतं," ज्योतीराम म्हणाला.

"त्याची काळजीच सोडा. काल सायबांचा मानूस आलता. सही करून दिली म्या. डाव्या हातानं केली, लई वाकडी आली बघा," सोनबा हसला. "शिनेमा बघत हुतो, चूक माझी, आसं लिवून दिलं. उद्या तुमाला काय बोलायचंच न्हाई."

आणि खरं सांगायचं तर, ज्योतीरामला पहिल्यांदा हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरला. एवढं ठरवून आलेला माणूस, पण सुटलो एवढंच त्याच्या मनात आलं. ते त्याच्या तोंडावर दिसलं असणार, कारण वर्षाराणी तिथून आत निघून गेली. मग मात्र त्याला इतकी लाज वाटली की त्याने तांब्या अर्ध्यावरच खाली ठेवला.

"का दिलीस रं सही?"

"मग काय तुमाला खोटं पाडू? तुमी चिकटवलंत म्हून चार वर्सं भाकर खाल्ली. गावातली आनखी पोरं हायत तितं तुमच्या जिवावर. तुमी गेलात तर ती बी गेली." सोनबा थोडा पुढे सरकला. "येक सांगू का भाऊ? पन हसायचं न्हाई."

"सांग."

"तसा शिनेमाच न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे न्हाईच. वाळवंट, खजिना, ती दोघं, समदं म्या मनानं रचलेलं. सकाळी प्रेसवर हुबा ऱ्हायलो की रचायचो आन दुपारी तुमाला सांगायचो. गोष्ट हाय म्हटलं असतं तर पोरांनी ऐकली नसती, म्हून शिनेमा म्हनायचो. तुमी तेच लिवून दिलं तवा माझ्या मनात आलं, आता सायबांनी शिनेमाचं नाव इचारलं तर भाऊ काय सांगतील? लई भ्या वाटलं मला तुमच्यासाठी."

म्हणजे एका वाक्यात सोनबा सुटला असता. दाखवा म्हणायचं, कुठे आहे तो सिनेमा? तीन आठवडे ते वाक्य त्याने ओठांआड ठेवलं होतं, आणि भीती वाटत होती ती ज्योतीरामसाठी.

"पन सोनबा, हाय तो शिनेमा," ज्योतीराम म्हणाला. "म्या बघितला."

"कुठं?"

"आपल्या बसमदी. सोमवारपास्नं लागलाय. उंट बसत न्हाई, ती भाकरी खाती, ठेचा, कांदा फोडती..."

"ते म्याच सांगितलंय तुमाला."

"न्हाई, आरं, आईची शपथ! येक तिसरा मानूस बी हाय त्यात. निळा शर्ट. तो मागनं येतो, हिरोच्या खांद्यावर हात ठिवतो..."

"माझ्या गोष्टीत दोघंच हायत, भाऊ."

"म्हून तर सांगतोय! सयाजीला इचार. मामाला इचार."

बोटं गेली, काम गेलं, खोट्यावर सही करावी लागली, तरी सोनबाच्या तोंडावरचं हसू गेलं नव्हतं. ते आता गेलं. एवढ्या वर्षांत ज्योतीरामने त्याचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"आता तरी नका, भाऊ," तो हळूच म्हणाला. "आता तर सही बी झाली. आता कशापायी खोटं बोलताय?"

ज्योतीरामपाशी सांगायला एवढंच एक खरं होतं, आणि ते सांगून झालं होतं. सोनबाने दुखरा हात उशीसकट उचलला आणि खाटेवर पलीकडे तोंड करून आडवा झाला.

वर्षाराणी बाहेर आली. तिने अर्धा राहिलेला तांब्या उचलला, उरलेलं पाणी अंगणात ओतून दिलं आणि म्हणाली, "भावजी, निघा आता. त्यांना पडू द्या जरा."